दीड तासाचा कार्यक्रम घराला सतरा तासांना पडतो: लहान मुलं असलेल्या स्वतंत्र संगीतकारांसाठी

मी पुण्यात राहतो. मराठी गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि गिटार घेऊन ती स्वतःच गातो. पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही. बायको बँकेत नोकरी करते, थोरली पहिलीत आहे, धाकटा पावणेदोन वर्षांचा. थोरली झाली तेव्हा मला वाटलं होतं की संगीतकाराला दिवसभर मोकळा वेळ असतो, म्हणजे मूल सांभाळायला आपल्याइतकं सोयीचं कोणी नाही. पुढची दोन वर्षं मी घरात आणि स्टेजवर दोन्हीकडे उशिरा पोचत होतो. तुमच्या घरी पाळणा हलणार असेल किंवा नुकताच हलला असेल, तर खालच्या पायऱ्या शक्यतो क्रमाने घ्या. पहिली पायरी गाळून पुढच्या करून काही उपयोग होत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

१. आधी तास मोजा, तेही घराच्या घड्याळाने

आपण कार्यक्रम सांगतो तो स्टेजवरच्या वेळात. "ठाण्यात दीड तासाचा कार्यक्रम आहे गं, रात्री येतो." आता हाच कार्यक्रम घराच्या घड्याळात बघा. सकाळी साडेअकराला निघायचं, कारण घाटात गाडी कुठे अडकेल सांगता येत नाही. पाचला साउंड चेक. आठ ते साडेनऊ कार्यक्रम. मग केबल गुंडाळणं, आयोजकाच्या मागे पाकिटासाठी थांबणं, वाटेत जेवण. घरी यायला रात्रीचे दोन. साडेचौदा तास झाले. दुसऱ्या दिवशी मी साडेआठपर्यंत झोपणार, म्हणजे सहापासूनचे अडीच तास (दूध, डबा, वेणी, सव्वासातची स्कूल व्हॅन) परत बायकोच्याच अंगावर. एकूण सतरा.

हा हिशेब माझा नाही, तिचा. एका रविवारी तिने वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानावर तो करून दाखवला. महिन्यातले सहा कार्यक्रम म्हणजे एकशेदोन तास, आणि त्या बदल्यात आलेली रक्कम शेजारी लिहिलेली. भांडण झालं नाही. आकड्यांशी कसं भांडणार?

तुम्ही एक महिना असंच लिहून काढा. कार्यक्रम, तालीम, स्टुडिओ, शिकवण्या, आणि ज्याला आपण काम म्हणत नाही ते सगळं: रील कापणं, आयोजकांचे फोन, दुसऱ्याच्या कार्यक्रमाला 'फक्त तोंड दाखवून' येणं. प्रत्येक ओळीसमोर दोन आकडे हवेत, मिळालेले पैसे आणि घराबाहेर किंवा दार लावून गेलेले तास. मला धक्का बसला तो कार्यक्रमांचा नव्हे, तालमींचा. चार जणांच्या तालमीतले पहिले पाऊण तास चहातच जात होते.

२. एकच कॅलेंडर, आणि त्यात मुलांच्या तारखा आधी

दोन कॅलेंडरं ठेवू नका. फोनमधलं एकच, दोघांनाही दिसणारं. त्यात पहिल्यांदा भरायच्या त्या मुलांच्या तारखा.

लसीकरण: बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांनी, मग ९ महिन्यांनी, मग १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान लशी असतात. काही लशींनंतर रात्री ताप येतो, मांडी दुखते, बाळ अंगावरून खाली उतरत नाही. लशीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तारीख देऊ नका. धाकट्याच्या चौदा आठवड्यांच्या लशीच्या रात्री मी नाशिकला होतो. त्या रात्रीचा विषय अजूनही निघतो.

शाळा: पालकसभा, सुट्ट्या, आणि मुख्य म्हणजे गॅदरिंग. गॅदरिंग हा आपल्यासाठी सापळा आहे, कारण ते बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत येतं आणि आपला हंगामही तोच. शाळा तारीख उशिरा सांगते. म्हणून वर्गशिक्षिकेला दिवाळीआधीच विचारून ठेवा.

मग संगीताचं वर्ष बसवा. आपल्याकडे ते बऱ्यापैकी ठरलेलं आहे. गणपतीत कामं सुरू होतात, मग पितृपक्षाचे पंधरा दिवस शुकशुकाट, पुन्हा नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत लग्नं, महोत्सव, कंपन्यांचे कार्यक्रम. एप्रिल ते जुलै कोरडं. आता शाळेच्या सुट्ट्या याच्या शेजारी ठेवून बघा: मे महिना आपलाही रिकामा, मुलांचाही. मी पूर्वी मेमध्ये 'कामच नाही' म्हणून चिडचिड करायचो. आता तो महिना मुलांचा म्हणून आधीच बाजूला काढतो आणि पितृपक्षातले दिवस रेकॉर्डिंगला ठेवतो.

कोरड्या चार महिन्यांचे पैसे मात्र हंगामातच बाजूला काढावे लागतात. दिवाळी पहाटचं मानधन आलं की हात सैल सुटतो. तेव्हाच जूनमधली शाळेची फी आणि व्हॅनचे पैसे वेगळ्या खात्यात टाका.

दिवाळी पहाट घेताना आणखी एक. कार्यक्रम पहाटे, म्हणजे साउंड चेक मध्यरात्रीनंतर. घरात मुलं अभ्यंगस्नानाला उठणार आणि तुम्ही नसणार. आम्ही चार दिवसांतली एकच पहाट घ्यायची आणि नरक चतुर्दशी सोडून द्यायची असं ठरवलं आहे. त्या दिवसाचं मानधन सर्वांत जास्त असतं, हे मान्य.

३. काम तुकड्यांत करायला शिका

सलग चार तास मिळतील आणि मग गाणं होईल, या आशेवर माझं दीड वर्ष गेलं. बाळ असलेल्या घरात दुपारच्या झोपेचा सव्वा-दीड तास आणि रात्री मुलं झोपल्यानंतरचा तासभर, एवढंच हातात असतं. म्हणून कामाचे तीन ढीग करा.

पहिला ढीग शांतता लागणाऱ्या कामांचा: गळ्याचं रेकॉर्डिंग, गिटारचे टेक. हे घरी करायचा हट्ट सोडा. कुकरची शिट्टी, शेजारचा मिक्सर, भंगारवाल्याची आरोळी सगळं त्या माइकमध्ये येतं. स्क्रॅच (म्हणजे अंदाजासाठी केलेलं कच्चं रेकॉर्डिंग), ताल, शब्द, स्वर घरी पक्के करा आणि तासावर मिळणाऱ्या स्टुडिओत फक्त दोन तास जा. तयारी पूर्ण असेल तर दोन तासांत एका गाण्याचा गळा होतो. तयारी नसेल तर सहा तासांतही होत नाही आणि पैसे सहा तासांचे जातात.

दुसरा ढीग हेडफोनवर होणाऱ्या कामांचा: काटछाट, मिक्सिंग. रात्रीचा तास याच्यासाठी. फक्त रात्री अकराला थकल्या कानांनी केलेलं मिक्स सकाळी ऐकल्याशिवाय कोणाला पाठवू नका. दमलेले कान आवाज वाढवत नेतात.

तिसरा ढीग मांडीवर बाळ असताना होणाऱ्या कामांचा: मेल, पावत्या, गाण्याची माहिती भरणं, वादकांना तारखा विचारणं. हीच कामं आपण नेमकी शांत वेळेत करत बसतो.

सुचलेली चाल लगेच फोनमध्ये गुणगुणा आणि त्याच क्षणी तिला नाव द्या. माझ्याकडे 'नवीन रेकॉर्डिंग २१४' पर्यंत फायली होत्या, त्यातल्या निम्म्यांत मागे धाकटा रडतोय आणि चाल कोणती ते मलाच कळत नाही. आता नावं असतात: 'भैरवी-दूध तापवताना'.

शिकवण्या घेत असाल तर ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांचा विचार करा. अमेरिकेतल्या मुलांचा शनिवार सकाळचा वर्ग आपल्याकडे संध्याकाळी येतो, नेमका जेवण-झोपेच्या गोंधळात. सिडनी-मेलबर्नमध्ये संध्याकाळचे साडेपाच होतात तेव्हा इथे दुपारचा एक वाजलेला असतो, म्हणजे आपलं बाळ झोपलेलं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा तोच वर्ग इथे बाराला येतो. मी आठवड्यातून दोन दुपारी हे वर्ग घेतो. कोरड्या महिन्यांत घर त्यावरच चालतं.

आणि हे मात्र आजच करा. गिटारच्या डोक्याला लावायचा चिमटा-ट्यूनर तुमच्याकडे असेलच. त्यात बटणासारखा गोल सेल असतो. लहान मुलाने तो गिळला तर थोड्या तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. ट्यूनर, छोटे रिमोट, सुटे सेल, सगळं उंच कपाटात कुलपात ठेवा. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखान्यात न्या. केबलचे वेटोळे आणि वजनदार माइक स्टँड यांचंही तेच. गिटार भिंतीवर, मुलांच्या हातापेक्षा वर.

४. मानधन सांगताना घराचा खर्च धरा

पूर्वी मी मानधन सांगायचो ते समोरच्याचा चेहरा बघून. आता आधी कागदावर बेरीज करतो: साथीदारांचे पैसे, गाडी आणि टोल, पाळणाघराचे जादा तास किंवा सांभाळायला येणाऱ्या मावशींचे पैसे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुडणारी शिकवणी. त्याच्या वर जे उरेल ते माझं. त्या बेरजेखाली जाणारी सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं काम, घेणं म्हणजे स्वतःच्या खिशातून कार्यक्रम करणं. कधीकधी तेही करावं, आवडीच्या बैठकीसाठी करतोच. पण मग घरी तसं सांगून करावं.

ठरलेलं सगळं फोनवर न ठेवता एका निरोपात लिहून पाठवा: तारीख, ठिकाण, पोचायची वेळ, सुरू आणि संपायची वेळ, मानधन, आगाऊ किती, कार्यक्रम रद्द झाला तर आगाऊ परत नाही. निम्मे पैसे आधी घ्या. एका आयोजकाने कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहाला 'आज राहू दे' म्हणून कळवलं होतं. सासूबाई सोलापूरहून मुलांसाठी आलेल्या, वादकांनी दुसरी कामं सोडलेली, आणि माझ्या हातात आगाऊ शून्य. दोष माझाच, मी मागितलंच नव्हतं.

उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, मोजके परवानगीचे दिवस सोडले तर. आपल्या लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो बापांसाठी केलेला वाटतो. आयोजक 'साडेनऊला सुरू करू' म्हणाला की नियम दाखवायचा आणि सातची वेळ मागायची.

५. कागद आणि नोंदण्या

या कामांना एकदाच बसा, शक्यतो बाळ यायच्या आधीच्या महिन्यांत. नंतर चार-पाच महिने तुम्हाला स्वतःचा पॅन नंबर आठवणार नाही. जवळ ठेवा:

- पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, फोटो: सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये
- प्रत्येक गाण्याची यादी: गीतकार, संगीतकार, गायक, वादक, तारीख
- कोणाचा किती वाटा, हे लिहून सगळ्यांनी सही केलेला कागद
- प्रत्येक ट्रॅकचा बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख (वितरक, म्हणजे आपली गाणी ऑनलाइन अ‍ॅपवर चढवणारी सेवा, देतो; तो उतरवून ठेवा)
- दोन्ही मुलांच्या लसीकरण कार्डांचे फोटो, डॉक्टरांचा नंबर, तुम्ही नसताना शाळेतून मुलाला कोण घेऊ शकतं याची शाळेला दिलेली चिठ्ठी

तुम्ही शब्द लिहीत असाल किंवा चाल लावत असाल तर आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या. ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांसाठी रॉयल्टी, म्हणजे गाणं वापरल्याचा मोबदला, गोळा करून वाटणारी संस्था, १९६९पासूनची. गायक-वादकांच्या हक्कांसाठी इसम्रा ही वेगळी संस्था आहे. दोन्हींत गल्लत होते, म्हणून सांगितलं. आणि नुसतं सदस्य होऊन भागत नाही, प्रत्येक नव्या गाण्याची नोंद करावी लागते.

मुलंबाळं असणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहसा कोणाला लिहून देता येत नाही. अपवाद दोनच: कायदेशीर वारस आणि कॉपीराइट संस्था. शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे धाकटा आजोबा झालेला असेल तेव्हाही एखाद्या गाण्याचे पाच-पन्नास रुपये येऊ शकतील. पण गाण्यांची यादी आणि वाट्यांचे कागद कुठे आहेत हे घरात कोणाला तरी माहीत हवं.

वितरक निवडताना बघा: वार्षिक वर्गणी आहे की एकरकमी? काहींकडे वर्गणी थकली की गाणी उतरवली जातात. बाळंतपणाच्या धावपळीत नूतनीकरणाची मेल सुटणं अगदी सोपं आहे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं असेल तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी ते तुमच्या खात्यात आलेलं असावं लागतं. मी चार आठवडे ठेवतो, त्यातला एक मुलांच्या सर्दीचा असं धरूनच. तिथे २०२४पासून, आधीच्या बारा महिन्यांत एक हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. त्यामुळे 'गाणं टाकलं की घरबसल्या पैसे' हे घरच्यांना सांगू नका. मी सांगितलं होतं.

कंपन्यांच्या कार्यक्रमात मानधनातून साधारण दहा टक्के टीडीएस कापतात. आपलं उत्पन्न कमी म्हणून रिटर्न भरलं नाही तर ते पैसे सरकारकडेच पडून राहतात. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली तर जीएसटीची नोंदणी. ती वेळ माझ्यावर आलेली नाही.

आरोग्य विम्याबद्दल एवढंच, की पगारी लोकांना कंपनीचा विमा असतो, आपल्याला स्वतः काढावा लागतो. बहुतेक पॉलिसींत प्रसूतीच्या खर्चासाठी प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून दिवस राहिल्यावर चौकशी करून उपयोग नसतो.

६. मुलांना कार्यक्रमाला नेताना

न्या, पण एका मोठ्या माणसासह, आणि ते मोठं माणूस तुम्ही नाही. स्टेजवर असताना तुम्ही पालक म्हणून गैरहजर आहात. मुलांसाठी कानांवर बसणारे आवाजरोधक मिळतात, ते घ्या. कापूस चालत नाही. स्पीकरपासून लांब, दाराजवळची जागा धरा. मध्यंतरात मूल घरी जाणार हे आधीच ठरवा.

थोरली एकदा पहिल्या रांगेतून "बाबा, शू!" म्हणून ओरडली, तेव्हा मी अंतऱ्यात होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर ती तिच्या टाळ्या आणि माझ्या टाळ्या वेगळ्या मोजत होती.

व्हिडिओत मुलं घ्यायची की नाही हे दोघांनी मिळून ठरवा. शाळेचा गणवेश, इमारतीचं नाव, व्हॅनचा नंबर फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

७. बाळंतपणानंतर गाणाऱ्यांसाठी

हे माझं क्षेत्र नाही. सोबत गाणाऱ्या दोन मैत्रिणींनी सांगितलेलं पुढे देतो. सिझेरियन झालं असेल तर पोटाचा जोर लागणारा रियाज डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. आधी नुसता खर्ज, बसून, दहा मिनिटं. अंगावर पाजत असाल तर कार्यक्रमाच्या ठिकाणी दार लागणारी खोली हवी, हे मानधनाच्या निरोपातच लिहा. 'बघू' म्हणणारा आयोजक बघत नाही. काढलेलं दूध बाहेर चार तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार तासांवर विसंबू नये, बर्फाची पिशवी न्यावी. आणि त्या दोघींचं एकमत असलेली तक्रार: पुरुष वादकाला कोणी विचारत नाही की बाळाला कुठे ठेवून आलास.

८. बदली माणसं, आणि तीन महिन्यांनी वही

मूल आजारी पडतं ते कार्यक्रमाच्या दिवशीच. म्हणून तुमच्या गाण्यांचे शब्द, स्वर, कॉर्ड लिहिलेली फाइल तयार हवी आणि तुमच्याऐवजी उभा राहील असा एक जण ठरलेला हवा. माझ्यासाठी एक गिटारवादक मित्र उभा राहतो, त्याच्या मुलीच्या वेळी मी. पैसे ज्याने वाजवलं त्याचे, यावर वाद नाही. गाणं मात्र आपणच गायचं असतं. ते जमणार नसेल तर आयोजकाला सकाळी लवकर कळवा, दुपारची वाट बघू नका. ताप १०० असताना 'संध्याकाळपर्यंत उतरेल' असं मनाशी म्हणू नका.

दर तीन महिन्यांनी पहिल्या पायरीतली वही काढा आणि दोघांनी बसून बघा. मुलं झोपल्यावर, चहा घेऊन, फोन बाजूला ठेवून. कोणता आयोजक पुन्हा नको, कोणती शिकवणी वाढवायची, कोणाची किती जागरणं झाली. गेल्या वेळी बसलो तेव्हा बायकोने पेन घेतलं आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारवर फुली मारली. बँकेची बढतीची परीक्षा आहे तिची, आणि आधीचे तीन आठवडे संध्याकाळी अभ्यास. त्या तीन आठवड्यांत माझ्या दोन तारखा होत्या. एक मित्राला दिली, दुसऱ्या आयोजकाला आगाऊ परत पाठवलं. वहीत त्या महिन्यासमोर आता तिचे तास लिहिलेत, बासष्ट.